चारशेची सोळाशे

दस्तगीर चाचा म्हणाले, फिल्मला खोटं सांगायचं.
डबीवर चारशे छापलंय,
आपण मीटरला सोळाशे म्हणायचं
आणि घरी येऊन त्या खोट्याचं देणं
मिनिटांनी फेडायचं.

हरिपूरच्या पेवांचे फोटो हवे होते
यार्डातल्या एका अडत्याला,
पेढीच्या पंचाहत्तरीच्या स्मरणिकेसाठी.
फ्लॅश चालणार नव्हता.
हळदीच्या धुरळ्याला थडकून
नुसती पांढरी भिंत परत येते.

पेव म्हणजे जमिनीला पडलेलं तोंड,
खांदे चोरून माणूस जाईल एवढं,
खाली वीस-बावीस फूट पोट.
झाकण पहाटेच काढून ठेवलेलं,
कोंडलेली हवा निघून जावी म्हणून.
मग सिद्राम ऐवळेनं दोरीला कंदील बांधला
आणि सोडला.
सगळे गप्प.
विझला तर आज कुणी उतरायचं नाही.
मी त्याच ज्योतीकडं
सेकंदाचा पंधरावा हिस्सा म्हणून बघत होतो.

तेवत राहिला.
सिद्राम उतरला, त्याच्या मागनं मी,
कॅमेरा बनियनमध्ये गुंडाळून.
घोट्याएवढी हळकुंडं पायाखालनं सरकत होती.
वर आभाळ बशीएवढं.
भिंतीला कोपर टेकवून, श्वास अर्धा सोडून
एक, दोन, पाच, छत्तीस.
रीळ संपल्यावर ध्यानात आलं,
पोती भरताना सगळा वेळ
त्यानं कंदिलाकडं पाठच केलेली.
मी विचारलं.
"उजेडाकडं बघितलं की मग अंधारातलं दिसत न्हाई."
इतकं साधं.

रात्री गावभागात, मोरीची कडी आतून लावून,
दाराच्या फटीत चादर खुपसून.
घमेल्यात रसवंतीतनं मागून आणलेला बर्फ,
कारण वैशाखात सांगलीचं पाणी
काही केल्या विसावर उतरत नाही.
साडेसातऐवजी चौदा मिनिटं.
दर मिनिटाला टाकी चारदा उलटी, सुलटी,
मग बुडाला एक थाप,
बाळाची ढेकर काढावी तशी.
टाकीचं झाकण लागलं की दिवा लावला तरी चालतं.
मी लावला नाही.
चाचा बाहेर बाजेवर घड्याळ घेऊन आकडे म्हणत होते.
अकरा.
बारा.
आणखी पाच वाढवू का, मी विचारलं, चेहऱ्यासाठी?
दाराआडनं आधी खोकला आला, मग उत्तर:
जिथं उजेड गेलाच नाही, बेटा,
तिथं कितीही शिजव, काळं ते काळंच.
उजळ आहे तेवढंच पेटत जाईल.

तसंच झालं.
कंदिलाच्या जागी कागद कोरा, भाजल्यासारखा.
मनगटाच्या शिरा, पोत्याची शिवण, एक पाऊल.
दाणा इतका टपोरा
की हवेतली हळद कुठली आणि फिल्मची चांदी कुठली
सांगता येऊ नये.
आणि मानेच्या वर काही नाही.

अडत्यानं फोटो बाजूला सारला.
माणूस कुठाय ह्यात, म्हणाला.

सिद्राम शनिवारी बाजाराला आला तेव्हा दुकानात डोकावला.
कागद तिरका धरून बघत राहिला.
"ह्यो अंगठा माझा. नख गेल्यालं बघा."
मग बऱ्याच वेळानं,
"पिवळं काय आलं न्हाई व्हय?"
नाही, म्हटलं, ही काळी-पांढरीच.
"बरं झालं.
घरात दुसरं काय आसतंय. अंथरुणात बी तेच."
घडी न घालता, टोपीत धरून घेऊन गेला.

निगेटिव्ह माझ्याकडं आहे.
कधी बल्बसमोर धरतो.
तिथं सगळं उलटं. कंदील म्हणजे
शाईचा दाट डाग, त्यातनं काही दिसत नाही.
आणि जिथं त्याचं तोंड होतं
ती जागा स्वच्छ, काचेसारखी.
तिच्यातनं मला माझी भिंत दिसते,
भिंतीवरची पाल,
चाचांचं बंद पडलेलं घड्याळ.